बेदाण्याला दुसऱ्या देशात काय म्हणतात? कॉलेजच्या ग्रंथालयातून लेख शोधण्याचा माझा अनुभव

तासगाव तालुक्यात आमची बेदाण्याची शेड आहे. सासऱ्यांनी दोन रॅकवर सुरू केलेलं काम आता अकरा रॅकवर आलंय. मी लग्नाआधी बी.एस्सी. झाले होते. मुलगी दहावी झाली त्या जूनमध्ये मी जिल्ह्यातल्याच एका अनुदानित कॉलेजात फूड सायन्सच्या एम.एस्सी.ला नाव घातलं. प्रबंधाला विषय घेतला तो घरचाच: रॅकवर माल असताना पाऊस लागला की बेदाणा तांबूस का पडतो, आणि पुन्हा डिपिंगचं पाणी, म्हणजे सुकवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात ते द्रावण, फवारलं तर तो वाचतो का. विषय सांगायला एक ओळ पुरते. त्यावर जगात कुणी काय लिहून ठेवलंय ते शोधायला मला सात महिने लागले. त्यातले पहिले तीन फुकट गेले, कारण त्या तीन महिन्यांत मी ग्रंथालयाची पायरीच चढले नव्हते.

हा अभिप्राय त्या ग्रंथालयाच्या एकाच सेवेबद्दल आहे: लेख शोधून देणं. पुस्तकं किती, खुर्च्या कशा, पंखे चालतात का, हे मी सांगणार नाही. आमच्यासारख्या तालुक्यांतून हजारो मुलंमुली एम.एस्सी., एम.कॉम. करतात. त्यांच्या कॉलेजने त्यांच्यासाठी आधीच पैसे भरून एक दार उघडून ठेवलेलं असतं, हे त्यांच्यातल्या कितीतरी जणांना शेवटच्या सत्रापर्यंत माहीत नसतं. मलाही नव्हतं.

आधी ते वाया गेलेले तीन महिने सांगते. मोबाइलवर इंग्रजीत ‘रेझिन’, ‘रेन’, ‘ब्राउन’ असे शब्द टाकायचे, लेखांची नावं यायची, उघडलं की चार ओळींचा सारांश आणि खाली तीस-चाळीस डॉलर भरायची चौकट. एका लेखाचे अडीच-तीन हजार रुपये. जिल्ह्याच्या गावी एक झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे ‘रिसर्च पेपर काढून मिळतील’ असा फलक. दोनशे रुपयाला एक याप्रमाणे मी तीन घेतले. एक अंजिराच्या वाळवणीवर निघाला. उरलेले दोन कामाचे होते, पण पुढे कळलं की ते दोन्ही कुणालाही फुकट उतरवून घेता येत होते. सहाशे रुपयांचं दुःख नाही. पण त्या दुकानात माझ्या पुढे नर्सिंगची एक मुलगी उभी होती, तिनेही पैसे काढून दिले. तो हिशोब अजून डोक्यातून जात नाही.

चौथ्या महिन्यात मार्गदर्शक सरांनी विचारलं, “मॅडमना भेटलात का?” मॅडम म्हणजे ग्रंथपाल. पहिल्या मजल्यावर संदर्भ विभाग, तिथे तीन संगणक, आणि त्यांच्या टेबलावर कायम एक निळी वही. मी गेले तेव्हा त्या नवीन अंकांवर शिक्के मारत होत्या. मी म्हटलं, “मॅडम, बेदाण्यावर काही मिळेल का?” त्यांनी शिक्का बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “बसा. बेदाण्यावर म्हणजे बेदाण्याच्या कशावर?”

त्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते माझं नाव एन-लिस्टवर चढवायचं. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. गांधीनगरला इन्फ्लिबनेट नावाचं विद्यापीठ अनुदान आयोगाचं केंद्र आहे. देशभरातल्या विद्यापीठांची ग्रंथालयं एकमेकांना जोडायचं काम १९९१ साली सुरू झालं, ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये एक प्रकल्प म्हणून. पुढे १९९६ साली ते स्वतंत्र केंद्र झालं. त्याच केंद्राने २०१० पासून कॉलेजांसाठी ही एन-लिस्टची सोय चालवली आहे. अनुदानित कॉलेजने वर्षाला ५,९०० रुपये भरले की कॉलेजच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना सहा हजारांहून जास्त नियतकालिकं आणि जवळपास दोन लाख ई-पुस्तकं वाचता येतात. विद्यार्थ्याकडून वेगळा पैसा घेत नाहीत. ग्रंथपाल तुमचं नाव आणि ईमेल भरतात, मग तुम्हाला ईमेलवर युजर आयडी आणि पासवर्ड येतो. माझा दुसऱ्या दिवशी आला. ५,९०० हा आकडा मी मुद्दाम लिहितेय. त्या झेरॉक्सच्या दुकानात तीस विद्यार्थ्यांनी एकेक लेख घेतला तर तेवढे पैसे होतात.

या सोयीतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे ती कॉलेजच्या भिंतीत अडकलेली नाही. घरून, मोबाइलवरून, रात्री साडेअकराला शेडवर राखणीला बसून मी ती वापरली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे दिवसा कुणाला पुस्तक उघडायला सवड नसते. काढणी, क्रेट, डिपिंग, रॅकवर पसरणं, मजुरांचा चहा, हे सगळं आवरलं की मग अभ्यास. कॉलेजातल्याच संगणकावर बसायची अट असती तर माझा प्रबंध झाला नसता.

पण पासवर्ड हातात आला म्हणून लेख सापडतात असं नाही. मी घरी येऊन पुन्हा तेच तीन शब्द टाकले आणि पुन्हा तेच आलं: मनुका खाण्याचे फायदे, मनुक्यांतली साखर, ब्रेडमधल्या मनुका. पुढच्या सोमवारी मी तशीच परत गेले. तेव्हा मॅडमनी कोरा कागद घेतला, त्यावर उभ्या चार रेघा मारल्या आणि विचारलं, “तुम्ही ज्याला बेदाणा म्हणता, त्याला इतर देशांत काय म्हणतात?”

मी म्हटलं, रेझिन.

त्या म्हणाल्या, “अमेरिकेत. बाकी ठिकाणी? आपल्याकडे बघा, बेदाणा वेगळा आणि मनुका वेगळी. दुकानदार दोन्ही एका बरणीत घालणार नाही. इंग्रजीत दोघांना एकच शब्द. मग तिकडेही असं काही असेलच ना, जिथे आपल्याकडे एक आणि त्यांच्याकडे चार?”

आणि खरंच होते. ज्या थॉमसन सीडलेस द्राक्षाचा आम्ही बेदाणा करतो, त्या जातीला ऑस्ट्रेलिया आणि तुर्कस्तानात सुलताना म्हणतात, आणि त्याच्या सुकवलेल्या मालालाही सुलतानाच. ऑस्ट्रेलियातल्या लिखाणात आणखी एक नाव येतं, ‘ड्राइड वाइन फ्रूट’. अमेरिकेतला नेहमीचा रेझिन उन्हात, काहीही न लावता वाळवलेला, काळपट तपकिरी. त्यांच्यासाठी तपकिरी होणं हा दोषच नाही! मग त्यांच्या लेखांत मला माझा दोष कसा सापडणार होता? आमच्यासारखा पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या पाण्यात बुडवून काढलेला, फिकट रंगाचा माल करतात ते ऑस्ट्रेलियात आणि तुर्कस्तानात. म्हणजे मला जायचं होतं ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा आणि तुर्कस्तानातल्या मनिसाकडे, आणि मी तीन महिने कॅलिफोर्नियाच्या फ्रेस्नोमध्ये फिरत होते.

कागदावरचे चार रकाने असे भरले. पहिल्यात पदार्थ: रेझिन, सुलताना, ड्राइड ग्रेप, ड्राइड वाइन फ्रूट, आणि द्राक्षाचं शास्त्रीय नाव व्हायटिस व्हिनिफेरा. दुसऱ्यात क्रिया. आम्ही शेडवर ‘डिपिंग ऑइल’ म्हणतो. शास्त्रीय लेखात हा शब्द क्वचितच येतो, तिथे ‘इथाइल ओलिएट’, ‘अल्कलाइन इमल्शन’ किंवा नुसतं ‘प्रीट्रीटमेंट’. तिसऱ्यात दोष. ‘तांबूस पडणं’ याला ‘एन्झायमॅटिक ब्राउनिंग’, आणि ते घडवणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव पॉलिफिनॉल ऑक्सिडेज. चौथ्यात कारण: पाऊस, पुन्हा ओलं होणं, धुतलं जाणं. एका रकान्यातले शब्द एकमेकांना ‘ऑर’ने जोडायचे, रकाने एकमेकांना ‘अँड’ने. दोन शब्द जोडीनेच हवे असतील तर त्यांना अवतरणचिन्हांत ठेवायचं. एवढंच. हे वीस मिनिटांत झालं. संध्याकाळी घरी आल्यावर मी पदर खोचून बसले आणि रात्री एकपर्यंत माझ्याकडे एकोणीस लेखांची नावं होती, त्यातले अकरा थेट कामाचे.

त्यातूनच मला मर्बीनचा पत्ता लागला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मिल्ड्युराजवळ मर्बीन म्हणून गाव आहे. तिथे सीएसआयआरओ या त्यांच्या सरकारी संशोधन संस्थेची प्रयोगशाळा होती. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथल्या लोकांनी द्राक्षाच्या सालीवरच्या मेणाचा बारकाईने अभ्यास केला. मणी हातात घेतला की बोटाला पांढुरकी भुकटी लागते ना, ते मेण. मण्यातलं पाणी आत धरून ठेवतं ते तेच. आमच्याकडे सगळे सांगतात की डिपिंगने मेण विरघळतं. मी पण तेच समजत होते. लेखात वेगळं होतं: त्या मेणाच्या पातळ पापुद्र्यांची ठेवण बदलते आणि पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. पण लावलेलं द्रावण पाण्याने धुऊन काढलं तर सुकण्याचा वेग पुन्हा मंदावतो.

हे वाक्य मी शेडवर वाचलं. रात्रीची वेळ, जाळीतून वारा येत होता, रॅकच्या खालच्या मजल्यावर चार दिवसांचा माल. मी उठून दोन मणी उचलले आणि कितीतरी वेळ बोटांत धरून उभी राहिले. पावसाने बेदाणा नुसता भिजत नाही, त्यावरचं द्रावण धुऊन जातं आणि मेणाचं दार परत लागतं. मग मणी ओला, सुकणं मंद, आणि तेवढ्या जादा दिवसांत विकराला काम करायला मोकळं रान. घरात वीस वर्षं सगळे पाऊस थांबला की अंदाजाने फवारणी करत आले होते. त्यामागचं कारण कुणीतरी आपल्या जन्माच्या आधी, दुसऱ्या खंडात लिहून ठेवलेलं होतं. सकाळी भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, “वहिनी, म्हणजे आबा बरोबर होते.” आबा म्हणजे माझे सासरे. हो, बरोबर होते.

जुना लेख सापडल्यावर पुढचा धागा कसा धरायचा हेही मॅडमनीच दाखवलं. लेखाच्या शेवटी असलेली संदर्भांची यादी तुम्हाला मागे नेते, आणि गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या शास्त्रीय लेख शोधायच्या पानावर, लेखाच्या खाली ‘सायटेड बाय’ असतं ते पुढे नेतं. त्यानंतर कुणीकुणी या लेखाचा आधार घेतला, ते सगळं तिथे. मर्बीनच्या एका लेखावरून मी तुर्कस्तानात पोचले, तिथून ग्रीसला आणि तिथून पुन्हा भारतात. त्याच ठिकाणी ‘ऑल व्हर्जन्स’वर टिचकी मारली की तोच लेख आणखी कुठे ठेवलाय ते दिसतं. पैसे मागणाऱ्या पानाच्या दोन ओळी खाली लेखकाच्या विद्यापीठाच्या पानावर तोच लेख फुकट, असं माझ्या बाबतीत पाच वेळा झालं.

आपल्याकडचं फुकट मिळणारं साहित्यही थोडंथोडकं नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेची नियतकालिकं त्यांच्याच संकेतस्थळावर उघडी आहेत. म्हैसूरच्या अन्नशास्त्रज्ञांच्या संघटनेचं ‘जर्नल ऑफ फूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ स्प्रिंगर छापतं आणि त्याच्या पानावर पैसे मागतात, पण त्यातले कितीतरी लेख पबमेड सेंट्रल या फुकट संग्रहात पूर्ण वाचायला मिळतात. प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ सगळ्यांना माहीत असतं. शेतीच्या विद्यार्थ्यांनी मात्र कृषिकोश बघितल्याशिवाय थांबू नये. राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथले प्रबंध तिथे आहेत, आणि नुसते पीएच.डी.चे नाहीत, एम.एस्सी.चेसुद्धा. कुठल्याही प्रबंधाचं दुसरं प्रकरण, जिथे आधीच्या संशोधनाचा आढावा असतो, ते आधी वाचा. दुसऱ्या कुणीतरी वर्षभर पायपीट करून काढलेला नकाशा तिथे आयता मिळतो. मात्र त्यातला संदर्भ मूळ लेख न वाचता उचलू नका. मला एका प्रबंधात इथाइल ओलिएटचं प्रमाण चुकीच्या एककात लिहिलेलं सापडलं. आमच्याकडे लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट हे प्रमाण पाठ असतं म्हणून लगेच लक्षात आलं. ज्याने शेड पाहिलेली नाही तो तसंच उतरवून घेईल.

आता या सेवेत कमी काय पडतं ते. एन-लिस्टवर अर्थशास्त्र, इतिहास, साहित्यवाल्यांची चंगळ आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज यांची नियतकालिकं, मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’, सगळं आहे. माझ्याबरोबरची एम.ए.ची एक मुलगी सहकारी साखर कारखान्यांवर काम करत होती. तिला वीकलीतल्याच लेखांवर महिनाभर पुरेल एवढं मिळालं. पण अन्नप्रक्रिया आणि वाळवणीची मोठी नियतकालिकं ज्या परदेशी प्रकाशकांकडे आहेत, ते त्यात नाहीत. माझ्या अकरांपैकी चार लेख तिथेच अडले.

आणि इथे मला मनापासून काही सांगायचंय. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली, म्हणजे वर्गणी सरकारने भरायची आणि नियतकालिकं संस्थांना खुली करायची. तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, सहा हजार तीनशेच्या वर संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. योजना चांगली आहे, फार चांगली आहे. पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना मिळाली. महाराष्ट्रात ग्रामीण भागातलं उच्च शिक्षण उभं आहे ते शिक्षण संस्थांनी काढलेल्या अनुदानित कॉलेजांवर. तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, परीक्षा सरकारी विद्यापीठ घेतं, पण तिथल्या मुलीला तो लेख उघडत नाही. तोच अभ्यासक्रम, तेच विद्यापीठ, तीच प्रश्नपत्रिका, आणि एकीला दार उघडं, दुसरीला बंद. पुढच्या टप्प्यात अनुदानित कॉलेजं घेतली पाहिजेत, आणि ग्रंथपालांनी आणि आपण विद्यार्थ्यांनीही ते मागितलं पाहिजे.

अडलेल्या चार लेखांचं काय झालं? दोनसाठी मॅडमनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पत्र दिलं. मी सकाळच्या एस.टी.ने गेले, तिथल्या संगणकावर बसून दोन्ही वाचले आणि टिपणं काढली. तिसऱ्यासाठी त्यांनी मला लेखिकेलाच ईमेल लिहायला लावला. मला संकोच वाटत होता. तुर्कस्तानातल्या प्राध्यापक बाई, त्यांना मी काय लिहू? मॅडम म्हणाल्या, “खरं ते लिहा. शेड आहे, पाऊस येतो, तुमचा लेख वाचायचाय.” पाच ओळी लिहिल्या. चौथ्या दिवशी लेख आला, सोबत त्याच विषयावरचा आणखी एक, आणि खाली विचारलेलं की तुमच्याकडे सावलीत वाळवताना किती दिवस लागतात. मी आमच्या शेडचे फोटो पाठवले. चौथा लेख शेवटपर्यंत मिळाला नाही.

व्यवसायाची मासिकं हा या ग्रंथालयाचा दुसरा हिस्सा, आणि त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. दाराजवळच्या लाकडी मांडणीवर चालू अंक आणि आत कपाटात बाइंडिंग केलेले जुने. आमच्या कामाचं म्हणजे द्राक्ष बागायतदार संघाचं ‘द्राक्षवृत्त’. शास्त्रीय लेख आणि व्यवसायाचा लेख यांत फरक काय, हे मला वर्गात परीक्षेपुरतं शिकवलं होतं: एकाला छापण्याआधी दोघातिघा तज्ज्ञांनी तपासलेलं असतं, शेवटी संदर्भ असतात. दुसऱ्याला नसतात. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर मला जे दिसलं ते असं. एका शास्त्रीय लेखात अर्धा किलो द्राक्षं साठ अंशांच्या कपाटात वाळवली होती. आकडे चोख, आलेख सुंदर. पण माझ्या शेडमध्ये टनाने माल असतो, साठ अंश कुठले, आणि वारा पश्चिमेकडून येतो त्या बाजूचा माल आधी सुकतो. हे ‘द्राक्षवृत्ता’तल्या बागायतदाराच्या दोन पानी लेखात होतं: शेडची दिशा, जाळीची बाजू कधी सोडायची, खालच्या मजल्यावरचा माल मागे का राहतो. त्यात एकही संदर्भ नव्हता आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मला ओळखीचं होतं. मी माझ्या प्रयोगात रॅकच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या मजल्यांचे नमुने वेगवेगळे घेतले ते त्या लेखामुळे. बहिःस्थ परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं आणि तेच त्यांना आवडलं.

सगळेच व्यवसायाचे लेख असे नसतात, हेही तिथेच शिकले. एका मासिकात एका डिपिंग तेलाचं कौतुक करणारा लेख होता, फोटोंसकट, रंग एकदम हिरवागार. मी तो उत्साहाने प्रबंधात घेतला. मॅडमनी लेखाच्या शेवटची बारीक ओळ वाचायला लावली. लेखक त्याच तेलाच्या कंपनीत अधिकारी होते, आणि समोरच्या पानावर त्याच तेलाची जाहिरात. लेख खोटा आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “कोण बोलतंय ते लिहा आणि मग काय बोललं ते लिहा.” मी तसंच लिहिलं.

बाजाराच्या माहितीसाठी त्यांनी आणखी दोन जागा दाखवल्या. स्पेनमधल्या रेउस गावात सुकामेव्याच्या व्यापाऱ्यांची जागतिक परिषद आहे, ‘न्यूटफ्रूट’ हे तिचं मासिक. आणि अमेरिकेच्या शेती खात्याचे वेगवेगळ्या देशांतून आलेले अहवाल, जे कुणालाही उघडतात. तुर्कस्तानात यंदा सुलतानाचं पीक कसं आहे हे तासगावच्या सौद्याला बसणाऱ्याला आधी कळलं तर ते कामाचंच. भाऊजी आता मला दर हंगामाआधी विचारतात, “तुमच्या त्या अहवालात काय म्हणतात?”

या मासिकांची मोठी अडचण अशी की त्यांतले लेख कुठल्याच संगणकीय यादीत येत नाहीत. कपाटात वीस वर्षांचे अंक आहेत, पण बेदाण्यावरचा लेख कुठल्या अंकात ते कसं कळणार? इथे ती निळी वही कामाला आली. मॅडम नोकरीला लागल्यापासून प्रत्येक नवा अंक आला की चाळतात आणि स्थानिक विषयांवरचे लेख वहीत उतरवतात: हळद, बेदाणा, ऊस, दुष्काळ, म्हैसाळ योजना. विषयाला एक पान, लेखाचं नाव, अंक, पृष्ठ. बेदाण्याची तीन पानं भरली होती, निळ्या शाईत, मधे कुठे कुठे हिरव्या. हे करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ती वही स्कॅन करून ठेवायला हवी, मी कॉलेजच्या अभिप्राय पेटीत तसं लिहून टाकलंय.

तक्रारी आहेत. संदर्भ विभाग साडेपाचला बंद होतो, आणि नोकरी करून शिकणाऱ्याला साडेपाच म्हणजे काहीच नाही. परीक्षेच्या महिन्यात तो आठपर्यंत उघडा ठेवतात, मग इतर वेळी आठवड्यातून दोन दिवस का नाही? तीनपैकी एक संगणक दोन वर्षांत मी चालू पाहिला नाही. वर्गणीचं नूतनीकरण होईपर्यंत पासवर्ड मधेच बंद पडतो, माझा नेमका एप्रिलमध्ये पडला, प्रकरण लिहायच्या ऐन वेळी. तेव्हा लागणारे लेख उघडे असतानाच वाचून टिपून ठेवा. पण एकदम शंभर-दोनशे लेख उतरवून घ्यायला जाऊ नका. प्रकाशकाच्या लक्षात आलं तर सगळ्या कॉलेजचा प्रवेश थांबवतात. सगळ्यात मोठी तक्रार: हे जे मला मॅडमनी वीस मिनिटांत एका कागदावर शिकवलं, ते प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गाला शिकवायला एक तास मिळायला हवा. त्या दरवर्षी मागतात. वेळापत्रकात तो तास बसत नाही.

तुम्ही जाणार असाल तर दुपारी तीननंतर जा, तेव्हा देवघेवीची गर्दी ओसरलेली असते. “यावर काही मिळेल का” असं विचारू नका, तुमचा प्रश्न पूर्ण वाक्यात लिहून न्या. आणि तुमच्या घरात, शेतात, दुकानात त्या गोष्टीला जे जे शब्द वापरतात ते सगळे सोबत न्या, ते इंग्रजीत कसे होतात याची काळजी नंतर.

प्रबंध सादर झाल्यावर मी ‘द्राक्षवृत्ता’च्या कपाटाकडे पुन्हा गेले होते. १९९७ ते ९९ चे अंक तिथे नव्हते, एका पावसाळ्यात छत गळून खराब झालेले. घरी सासऱ्यांची लोखंडी ट्रंक आहे, तिच्यात त्यांनी सगळे अंक सुतळीने बांधून ठेवले होते, वर कडुनिंबाचा पाला. त्यांना विचारलं. ते म्हणाले, “ने की. इथं कोण वाचतंय?” भाऊजींच्या गाडीवरून ट्रंक कॉलेजात नेली. मॅडमनी सुतळी सोडली, एकेक अंक उघडून पाहिला. १९९८ च्या एका अंकात समासात आबांनी पेन्सिलने लिहिलेलं होतं: ‘पाऊस. परत फवारलं. माल राहिला.’ मॅडमनी अंकावर दाखल क्रमांकाचा शिक्का मारला आणि निळ्या वहीत बेदाण्याच्या चौथ्या पानावर त्याची नोंद केली.